आपला पोऱ्या शे!

दसरा उलटतो, कापसाची पहिली वेचणी घरात येऊन पडते आणि शाळांच्या जिल्हा स्पर्धांचे निकाल लागू लागतात. त्या दिवसांत आमच्या गावात एक देखावा मी लहानपणापासून पाहत आलो आहे. एसटी स्टँडापासून एक टेम्पो हळूहळू पेठेकडे निघतो. टपावर ढाल, खाली गुलालाने माखलेली दहा-बारा पोरे, पुढे ताशा आणि मागे शाळेतली सगळी लहान मुले. किराणा दुकानदार गल्ला सोडून ओट्यावर येतात. कोणी पेढे वाटतो. आणि ज्यांनी जन्मात कधी बास्केटबॉल हातात धरला नाही अशी माणसे शेजाऱ्याला कोपराने ढोसून सांगतात, "तो उंच दिसतो ना, आपला पोऱ्या शे!"

या तीन शब्दांवर मला चार शब्द लिहायचे आहेत. गावाचे आणि शाळेचे नाव मी मुद्दाम देत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या वाचकांनी आपापल्या तालुक्याचे नाव तेथे घालून पाहावे. गोष्ट फारशी बदलणार नाही.

बास्केटबॉल हा काही आपल्या मातीतला खेळ नव्हे. कुस्ती, कबड्डी, खो-खो यांच्याशी आपले पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते, हा पाहुणा. पण हा पाहुणा एका शिक्षकाच्या हातून जन्माला आला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड येथे, वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत, जेम्स नेस्मिथ या शिक्षकापुढे अगदी साधा प्रश्न होता. बाहेर कडाक्याची थंडी, आत बंदिस्त हॉल आणि कवायतीला कंटाळलेले अठरा विद्यार्थी. यांना खेळवायचे कसे? त्याने हॉलच्या सज्जाला दोन बाजूंना फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, तेरा नियम लिहून काढले आणि नऊ-नऊ जणांचे दोन संघ केले. सज्जा दहा फूट उंच होता, म्हणून टोपल्याही दहा फुटांवर राहिल्या. आज मोजमाप ३.०५ मीटर असे लिहितात, पण उंची तीच आहे. टोपलीला बूड असल्यामुळे चेंडू आत पडला की तो काढायला शिडी लागे!

आपल्या देशात हा खेळ आणला तो वायएमसीएनेच. हॅरी बक यांनी १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचे विद्यालय काढले. १९३८ मध्ये मुंबई सरकारने कांदिवलीला शारीरिक शिक्षकांसाठी प्रशिक्षण संस्था सुरू केली. अशा संस्थांतून शिकून बाहेर पडलेले शिक्षक जेथे जेथे नोकरीला लागले, तेथे शिटी, नियमांचे पुस्तक आणि चुन्याच्या रेषा बरोबर घेऊन गेले. म्हणून एखाद्या आडगावच्या शाळेत बास्केटबॉलचे दोन खांब दिसले की मी मनाशी म्हणतो, येथे कोणीतरी पीटीचे सर होऊन गेले.

आमच्याकडेही असेच एक सर होऊन गेले. ते आले तेव्हा शाळेमागे नुसते काळे रान होते. खानदेशच्या काळ्या मातीला हा खेळ मानवत नाही. ही कापसाची जमीन. पावसाळ्यात चिखल होऊन टाचेला धरते आणि उन्हाळ्यात पंजा आत जाईल एवढ्या भेगा पडतात. चेंडू जमिनीवर आपटला की परत हातात आला पाहिजे, हा तर खेळाचा पाया. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा पहिल्यांदा समावेश झाला, तेव्हा सामने उघड्यावर, मातीच्या मैदानावर ठेवले होते. अंतिम सामन्याच्या दिवशी पाऊस आला, चेंडू उसळेना, आणि अमेरिकेने कॅनडावर विजय मिळवला तो अवघ्या १९ विरुद्ध ८ गुणांनी. जेथे ऑलिंपिकची ही गत, तेथे आमच्या शाळेची काय कथा!

सरांनी गावाकडे पैसे मागितले नाहीत, मुरूम मागितला. कोणी ट्रॅक्टर दिला, कोणी डिझेल घातले, वेल्डिंगवाल्याने खांब आणि कडी जोडून दिली. मुरूम पसरणे, पाणी मारणे आणि धुमसाने चोपणे हे काम पोरांनी केले. पुढे जुन्या विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून त्यावर सिमेंटचा कोबा झाला. आम्ही खेळलो ते या कोब्यावर. एप्रिल-मे महिन्यांत पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो, तेव्हा सकाळी साडेपाचला मैदानावर यायचे आणि ऊन चढायच्या आत घरी जायचे. संध्याकाळी सहा वाजले तरी कोबा तापलेलाच असे. अनवाणी पोरे पाय उचलत उचलत खेळत.

आमच्या संघात केळी बागायतदाराचा मुलगा होता, एसटी कंडक्टरचा होता, शिंप्याचा होता, सातपुड्यातून येऊन वसतिगृहात राहणारे दोन पावरा भाऊ होते. कापसाच्या दिवसांत निम्मा संघ वेचणीला जाई. स्पर्धाही नेमक्या त्याच दिवसांत. मग सर मोटारसायकल काढून शेताच्या बांधावर जात आणि एखाद्याच्या बापाला म्हणत, "दोन तास द्या, मी स्वतः आणून सोडतो." बाप पाट्यावर बसून विडी ओढत म्हणे, "न्या सर, पण आज दोन ओळी राहतील." म्हणजे आम्ही जी ढाल जिंकून आणली, तिच्यात कोणाच्या तरी न वेचलेल्या कापसाच्या ओळी होत्या. पेठेतल्या ओट्यावरून हे दिसत नाही.

आता गावाचा अभिमान म्हणजे काय, हे आपल्या खानदेशाला कोणी शिकवायला नको. यात्रेतल्या कुस्त्यांच्या दंगलीत इनाम कोणी सरकार देत नाही. गावची वर्गणी असते. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीच्या विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ तीन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा पटकावली, तेव्हा साऱ्या खानदेशाची छाती फुगली होती. त्याहून मागे गेलो तर फैजपूर आठवते. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन यावल तालुक्यातल्या फैजपूरला झाले. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष, नंदलाल बोसांनी बांबूतून उभी केलेली सजावट, धनाजी नाना चौधरींसारख्या कार्यकर्त्यांची धडपड आणि गावोगाव हिंडून माणसे गोळा करणारे साने गुरुजी. लहानशा गावाने हजारो माणसांची उठबस अंगावर घेतली. फैजपूरचे लोक आजही ते अभिमानाने सांगतात, आणि त्यांनी सांगावेच, कारण त्यांच्या आजोबा-पणजोबांचे हात तेथे राबले होते.

आमच्या कोब्याचा अभिमान मी याच जातीचा समजत होतो. एका संध्याकाळी माझी ती समजूत डळमळली. त्या संध्याकाळविषयी लिहायचे धाडस मला आतापर्यंत झाले नव्हते.

मी दहावीत असताना आम्ही सतरा वर्षांखालच्या गटात जिल्हा स्पर्धा जिंकलो. अंतिम सामन्याची शेवटची दोन मिनिटे आमच्या सेंटरने एकट्याने खेचून नेली. कड्याखालून प्रत्येक चेंडू त्याने काढला. संघात सर्वांत उंच तोच. पेठेतले लोक ज्याच्याकडे बोट दाखवत होते, तोही तोच. टेम्पो गांधी पुतळ्याला वळसा घालून पेठेतून निघाला, मारुतीच्या पारापाशी थांबला, मग संस्थेच्या पदाधिकाऱ्यांच्या घरांवरून फिरला. तेथून नाल्यापलीकडच्या वस्तीला रस्ता जातो. आमच्या सेंटरचे घर त्या वस्तीत, आणखी एका खेळाडूचेही तेथेच. टेम्पो नाल्यापाशी आला आणि उजवीकडे, शाळेच्या रस्त्याला वळला.

कोणी वळव म्हणाले नाही आणि कोणी वळवू नको असेही म्हणाले नाही. जणू रस्ताच तेवढा होता. आमचा सेंटर आणि तो दुसरा मुलगा चालत्या टेम्पोतून उतरले, चपला हातात घेतल्या आणि गुलालाच्या अंगाने नाला ओलांडून घरी गेले. ताशा आमच्याबरोबर पुढे आला. मी टेम्पोत होतो. माझ्या हातात ढालीचे एक टोक होते. मीही काही बोललो नाही.

मित्रहो, या खेळाचा एक नियम असा की चेंडू हातात धरून चालता येत नाही. पुढे जायचे तर तो जमिनीवर आपटत न्यावा लागतो, नाहीतर दुसऱ्याकडे द्यावा लागतो. तो दुसरा कोणत्या आळीतला, हे विचारायला वेळ नसतो. कोब्यावर दोन वर्षे आम्हा पाच जणांना हे जमले. गावाला अर्ध्या तासाच्या मिरवणुकीत जमले नाही. मग "आपला पोऱ्या" म्हणजे नक्की कोणाचा?

खेळाचा अभिमान वेगळ्या रीतीनेही बाळगता येतो, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. मुंबईच्या नागपाड्याला बास्केटबॉलचे माहेर म्हणतात. गिरणगावाला खेटून असलेली ही दाट, गरीब, नाना जातिधर्मांची वस्ती. १९२०च्या दशकात अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी तेथे नागपाडा नेबरहुड हाउस सुरू केले. जवळच मस्तान वायएमसीएचे मैदान. या गल्ल्यांतून राज्याचे आणि देशाचे खेळाडू निघाले. भारताचे कर्णधार अब्बास मुंतासिर, ज्यांना १९७० सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला, ते याच वस्तीचे. तेथे खेळ शाळेच्या घंटेबरोबर सुरू होऊन घंटेबरोबर संपला नाही. मैदान वस्तीच्या मधोमध होते, मोठी मुले खेळत आणि लहान मुले कडेला बसून पाहत. चेंडू बाहेर गेला की तो आणून देता देताच ती शिकत. खेळाडूला घरी पोचवायला वेगळ्या मिरवणुकीची गरज नव्हती. मैदान त्याच्या दारातच होते.

आमचे मैदान मात्र पाच वाजता कुलूपबंद होते. कारण विचारले तर सांगतात की बाहेरची मुले येतात, नासधूस करतात. ही "बाहेरची" मुले गावातलीच असतात.

आणखी एक गोष्ट राहून जाते, आणि ती मला माझ्या घरातच शिकायला मिळाली. माझी धाकटी बहीण माझ्याहून चपळ. आठवीपर्यंत ती मुलींच्या संघात गार्ड खेळली. नववीत गेल्यावर आजी म्हणाली, आता पुरे. आई गप्प बसली. आणि सकाळी साडेपाचला सायकलवर एकट्या मुलीला पाठवायचे कसे, हा वडिलांचा प्रश्न मलाही त्या वेळी बिनतोड वाटला. मी तिच्याबरोबर जाऊ शकलो असतो. मी त्याच वाटेने रोज जात होतो! मला ते सुचले नाही, कारण मुलींच्या संघाची मिरवणूक मी कधी पाहिलीच नव्हती. वास्तविक नेस्मिथने खेळ काढल्यावर वर्ष-दीड वर्षाच्या आत सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने स्मिथ कॉलेजातल्या मुलींना तो शिकवायला घेतला होता. तरी ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना बास्केटबॉल खेळायला मिळाला तो १९७६ साली, पुरुषांनंतर चाळीस वर्षांनी. आपल्या देशात रेल्वेच्या महिला संघाने राष्ट्रीय स्पर्धा वर्षानुवर्षे गाजवल्या आणि खेळावर नोकरी मिळवलेल्या मुलींनी घरे चालवली. भुसावळसारखे रेल्वेचे मोठे ठाणे आपल्या उशाशी आहे. तरीही "आपली पोर शे" असे ओट्यावरून म्हटलेले मी अजून ऐकलेले नाही.

आता यावर जे आक्षेप घेतले जातात, त्यांचाही विचार करू.

पहिला आक्षेप अभ्यासाचा. खेळून कोणाचे पोट भरले, असे वडीलधारे विचारतात. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, राज्याच्या शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत, ही उत्तरे खरी आहेत. पण ती देताना मला संकोच वाटतो. कारण या उत्तरांमुळेच प्रमाणपत्रापुरते खेळणारे आणि प्रमाणपत्रापुरते खेळवणारे वाढले. शंभरातल्या नव्वद मुलांना खेळातून नोकरी मिळणार नाही. त्यांनी तरी का खेळावे? मी माझ्यापुरते सांगतो: हरल्यावर समोरच्याचा हात हातात घेणे, आणि आपल्याला नव्हे तर मोकळ्या असलेल्या गड्याला चेंडू देणे, या दोन गोष्टी मला कोणत्याही पाठ्यपुस्तकाने शिकवल्या नाहीत.

दुसरा आक्षेप असा की हा खेळ आपला नाही आणि त्यात आपले पुढे काही होत नाही. भारताचा पुरुष संघ ऑलिंपिकमध्ये आजवर एकदाच, १९८० साली मॉस्कोला खेळला, आणि तेथेही सगळे सामने हरला, हे खरे आहे. पण आमच्या गावाला मॉस्कोला जायचे नव्हते. आम्हाला संध्याकाळी सहा वाजता कोठेतरी जायचे होते. चौकातल्या टपरीशिवाय दुसरी जागा तरुणांना हवी की नको, एवढाच प्रश्न आहे.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो सर्वांत गंभीर. आमचे सर निवृत्त झाल्यापासून त्यांच्या जागी पूर्णवेळ माणूस नाही. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेला मैदान हवे असे म्हटले. पण शारीरिक शिक्षणासाठी सहावी ते आठवीला, शंभराहून अधिक पट असेल तर, अर्धवेळ निदेशक पुरेसा मानला. अर्ध्या वेळात बांधावर जाऊन कोणाच्या बापाला कोण समजावणार? त्यातच आता रस्त्याच्या बाजूने गाळे काढावेत, भाड्यातून शाळेचा खर्च भागेल, असे गावात बोलले जात आहे. त्या गाळ्यांच्या पायाखाली आमचा कोबा जाईल. बोलणारी माणसे वाईट नाहीत. छप्पर गळते, वीजबिल थकते, हे त्यांनाच निस्तरावे लागते. पण मुरूम टाकताना ज्या गावाला विचारले होते, त्या गावाला तो उखडतानाही विचारले पाहिजे. आणि गावाने उत्तर देताना नुसती ढाल आठवू नये. ढाली कपाटात आहेतच. गाळे झाले तरी त्या तेथेच राहतील.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेलो होतो. संध्याकाळी शाळेवरून जाताना कुंपणाच्या आत चेंडूचा आवाज आला. फाटकाला कुलूप होते. आत आमचा सेंटर एकटा खेळत होता, तारेवरून उडी मारून गेलेला. बारावीनंतर त्याचे शिक्षण सुटले. हंगामात तो जिनिंगमध्ये कामाला जातो. अंगावर कापसाचे पुंजके तसेच होते. तेवढ्यात नवा पहारेकरी काठी आपटत आला आणि ओरडला, "कोण रे तू? कुठला? चल, बाहेर हो!" त्याने चेंडू काखेत मारला आणि मुकाट्याने तारेकडे निघाला. ज्याच्या नावाने पेठ एकदा दुमदुमली होती, त्याला आपण कुठले हे सांगता येईना.

या वेळी मात्र मी बोललो. पहारेकऱ्याला म्हणालो, "दादा, हा या शाळेचा खेळाडू आहे. आत ढालीवर वर्ष बघा, ती यानेच आणली." पहारेकरी भला माणूस होता. त्याने कुलूप काढले नाही, पण आम्हाला अंधार पडेपर्यंत खेळू दिले. थोड्या वेळाने तारेबाहेर पाच-सहा लहान पोरे येऊन उभी राहिली.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. शाळेच्या मैदानाचे फाटक रोज संध्याकाळी दोन तास गावासाठी उघडे असावे. त्यांतले काही दिवस मुलींचे असावेत, आणि त्या दिवशी थोरल्या भावांनी कुंपणाबाहेर सायकल धरून उभे राहण्यात कमीपणा मानू नये. देखरेखीला माणूस नाही म्हणतात; आपल्या महाविद्यालयात तालुक्या-तालुक्यांतून आलेले किती तरी जुने खेळाडू आहेत. आठवड्याची एक संध्याकाळ प्रत्येकाने आपल्या शाळेला दिली तर शिटी वाजवायला माणूस मिळेल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण परगावी जाऊन रस्ते झाडतो. प्राध्यापक महोदयांनी त्यातले काही तास आपल्याच गावच्या मैदानाला लावून दिले, तर ते वाया जातील असे मला वाटत नाही. आणि सुरुवात आपल्या घरापासून करायची तर आपल्या महाविद्यालयाच्या बास्केटबॉलच्या मैदानावर सध्या मोटारसायकली उभ्या असतात, त्या आधी हलवू या.

पुढच्या वर्षी आमची शाळा जिल्हा जिंकेल की नाही, मला ठाऊक नाही. जिंकली तर मिरवणूक निघेल, ताशा वाजेल, पेढे वाटले जातील. त्या दिवशी मी गावात असलो तर टेम्पोच्या पुढे चालेन आणि नाल्यापाशी आल्यावर ड्रायव्हरला डावीकडे वळायला सांगेन. तेथे, पलीकडच्या पहिल्याच ओट्यावर, एक आई उभी असेल. "आपला पोऱ्या शे" हे म्हणण्याचा पहिला मान तिचा आहे.